चार दिवसांची सुट्टी आणि जिभेतली दांडी

कोल्हापूरची भाची गुरुवारी पहाटे म्हापशाच्या बसस्टँडवर उतरली, तेव्हाच तिच्या मोबाइलमध्ये हणजूणच्या एका स्टुडिओचा पत्ता होता. शुक्रवारी जीभ टोचून घ्यायची, शनिवारी समुद्र, रविवारी रात्रीच्या बसने परत. "मावशी, अर्ध्या मिनिटाचं काम असतं ते," ती चहा पिता पिता म्हणाली.

टोचण्यापुरते बोलायचे तर तिचे खरेच होते. सुई आरपार जायला काही सेकंद लागतात. पण मी दातांची डॉक्टर, म्हापशात वीसेक वर्षे दवाखाना चालवते, आणि माझ्याकडे लोक येतात ते त्या अर्ध्या मिनिटानंतरच्या गोष्टी घेऊन. कुणी चौथ्या दिवशी सुजलेली जीभ घेऊन येतो, कुणी चौथ्या वर्षी तुटलेली दाढ घेऊन. जीभ टोचण्याशी माझे काही भांडण नाही. माझे भांडण आहे ते चार दिवसांच्या सुट्टीशी.

जरा दिवस मोजू. शुक्रवारी संध्याकाळी टोचले, तर त्या रात्री जीभ नुसती हुळहुळते. माणसाला वाटते, एवढेच होते होय! सूज शिगेला पोचते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणजे रविवारी रात्री बसमध्ये, सोमवारी ऑफिसात, मंगळवारी जेवणाच्या ताटावर. तोपर्यंत टोचणारा मागे राहिलेला असतो, हणजूणला. सूज उतरल्यावर, म्हणजे दोन ते चार आठवड्यांनी, पहिली लांब दांडी (म्हणजे दोन टोकांना बॉल असलेला धातूचा दागिना) काढून आखूड दांडी घालायची असते. तेव्हा तर माणूस कोल्हापुरात, पुण्यात, नाही तर बेळगावात आपापल्या उद्योगाला लागलेला असतो. ही दुसरी खेप चुकते, आणि पुढचे बहुतेक रडगाणे तिथून सुरू होते. दांडीचे पुढे सविस्तर सांगते; आधी जिभेकडे पाहू.

आरशासमोर उभे राहा आणि जिभेचे टोक टाळूला लावा. खालच्या बाजूला मधोमध एक पातळ पडदा दिसेल, आणि त्याच्या दोन्ही अंगांना निळसर रेषा. त्या शिरा. त्यांच्याच जवळून, थोड्या खोलात, रोहिण्या आणि मज्जातंतू जातात. जीभ एकसंध गोळा वाटते, पण ती डावी-उजवी अशी दोन अर्धुके आहे आणि मध्ये तंतूंचा एक पडदा आहे. या मधल्या पट्टीत रक्तवाहिन्या फार थोड्या. दोन घरांमधून पाणंद जावी तशी ती जागा. सुईने जायचे ते या पाणंदीतून, वरून खाली सरळ, टोकापासून साधारण दीड-दोन सेंटिमीटर मागे आणि खालच्या पडद्याच्या पुढे. बाजूला सरकले की शिरा आणि मज्जातंतू वाटेत येतात. काही जणांचा जिभेखालचा पडदा टोकापर्यंत आलेला असतो, किंवा शिरा मध्याच्या फार जवळ असतात. त्यांची जीभ टोचण्याजोगीच नसते. चांगला टोचणारा पैसे घेण्याआधी टॉर्च मारून जिभेखाली बघतो आणि वेळ आली तर नाही म्हणतो. बघितलेच नाही, तर आपणच उठून बाहेर पडावे.

हल्ली टोकाजवळ आडवी सुई घालून दोन्ही बाजूंना दोन मणी, सापाच्या डोळ्यांसारखे, अशीही टूम आहे. त्यात दोन्ही अर्धुके एका दांडीने एकमेकांना जखडली जातात आणि जीभ हलली की ती दांडी दातांवर घासते. त्यावर माझे उत्तर सरळ नाही असे आहे.

आपल्याकडे टोचणे म्हणजे सोनार. बाळाचे कान टोचायचे, सोन्याची तार घालायची, खोबरेल लावायचे, झाले. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण जिथून आली तिथे ती बरोबरच होती, पण कानाची पाळी म्हणजे कातडी आणि चरबी, दिवसभर गप्प बसून असते. जीभ हा स्नायू आहे. बोलताना, गिळताना, झोपेतसुद्धा ती हलत असते, आणि राहते कुठे, तर सातशेहून अधिक जातींचे जंतू नांदतात अशा तोंडात. तरीही तोंडातली जखम कानापेक्षा लवकर भरते, कारण रक्तपुरवठा भरपूर आणि लाळ स्वतःच औषधासारखी. त्याच भरपूर रक्तामुळे ती सुजतेही जोरात. दोन्ही एकाच हाताने येते.

आता स्टुडिओ. हरमलपासून बागा किनाऱ्यापर्यंत पाट्यांना तोटा नाही, आणि पाटी किती झगझगीत आहे यावरून काही कळत नाही. विचारायचे ते ऑटोक्लेव्हबद्दल. ऑटोक्लेव्ह म्हणजे ढोबळपणे डॉक्टरी प्रेशर कुकर: वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला निदान पंधरा मिनिटे हत्यारे ठेवली की जंतूंची चिवट बीजेसुद्धा मरतात. नुसत्या उकळत्या पाण्याने ती मरत नाहीत, स्पिरिटच्या बोळ्याने तर नाहीच. हेपटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस जिवंत राहतो, हे लक्षात ठेवले की सुईचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर का फोडायला लावायचे ते कळते. सुई पोकळ, एकदाच वापरायची. कान टोचायची बंदूक जिभेजवळ कुणी आणली तर हातातली पिशवी उचलून निघावे. ती बंदूक नीट निर्जंतुक होत नाही आणि मांस कापण्याऐवजी चेचते. हेपटायटिस बी ची लस तीन डोसांची असते. २०११ च्या आधी जन्मलेल्यांना लहानपणी ती मिळालेली असेलच असे नाही, तेव्हा घरातले जुने कार्ड एकदा काढून बघा. धनुर्वाताचे इंजेक्शनही त्याच कार्डात शोधा. आणि हो, टोचल्यावर रक्तपेढी बारा महिने रक्त घेत नाही. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी आधी एकदा देऊन यावे.

दांडी कशाची, हाही प्रश्न विचारायचाच. शस्त्रक्रियेत शरीरात बसवतात त्या प्रतीचे टायटॅनियम सर्वांत बरे. बाजारातल्या 'सर्जिकल स्टील' या दोन शब्दांना फारसा अर्थ नाही; त्यात निकेल किती सुटते ते महत्त्वाचे, आणि निकेलची अॅलर्जी आपल्याकडे घरोघरी आहे. खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी तर दहादा विचारावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणाऱ्या रंगीत दांड्या कितीही गोड दिसल्या तरी ताज्या जखमेत नकोत.

प्रत्यक्ष टोचताना काय होते? तोंड माउथवॉशने धुवायला लावतात. जीभ नेहमीच्या ठेवणीत असताना वर आणि खाली खूण करतात, कारण बाहेर काढून ताणलेली जीभ वाकडी होते आणि खूण फसते. मग जीभ चिमट्याने किंवा हाताने धरून सुई आरपार, तिच्यामागोमाग दांडी, आणि शेवटी बॉल घट्ट फिरवायचा. भूल सहसा देत नाहीत. दुखते का? दुखते, पण जीभ चावली गेल्यावर दुखते त्याहून फार नाही, असे बहुतेक जण सांगतात. सुई नेहमी १४ गेजची, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीची. दांडी मात्र मुद्दाम लांब घालतात, २० ते २२ मिलिमीटर, कारण सुजल्यावर जिभेला जागा लागते. आखूड दांडी घातली तर बॉल मांसात रुतून बसतो.

पहिला आठवडा सगळा खाण्याचा प्रश्न आहे, आणि या बाबतीत गोवेकर भाग्यवान. आपल्याकडे पेज आहे. एरवी दहा-साडेदहाला वाफाळती पेज घेतो, ती निववून थंडगार घ्यायची. फक्त तोंडी लावायला खारातली कैरी आणि सुका बांगडा नको. नाचण्याची तिजण, दही-भात, मऊ आटवल, आइस्क्रीम, सगळे चालते. आडसराचे, म्हणजे शहाळ्याचे, पाणी चालते, पण पेल्यातून; स्ट्रॉने ओढले की तोंडात ताण येतो आणि खपली धरू पाहणारी जखम पुन्हा रक्त सोडते. बर्फाचे बारीक खडे जिभेवर विरघळू द्यावेत, चोखू नयेत. हुमण (माशांची आमटी), त्यातही तिरफळांचे, निदान दोन आठवडे दुसऱ्याच्या पानात बघायचे. सोलकढी सौम्य वाटते, पण कोकम आंबट आणि वर मिरची. तीही थांबली पाहिजे. पोईचा, म्हणजे गोव्याच्या पावाचा, कडक काठ, फरसाण, चकली ही टोकदार मंडळी बॉलला अडकतात आणि अख्खी दांडी ओढतात. घास लहान घ्यावा, थेट दाढेवर ठेवावा आणि जीभ आडवी सपाट ठेवून चावावे. घाईने जेवणारे पहिल्या दोन दिवसांत दांडी हमखास चावतात.

उर्राकाचे (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे) दिवस असले तरी उर्राक नको, फेणी नको, बिअरही नको. दारूने सूज वाढते, रक्त जास्त वाहते. सिगारेट आणि गुटखा जखम भरू देत नाहीत. चुंबन आणि मुखमैथुनही जखम भरेपर्यंत बंद. आपल्या तोंडातल्या जंतूंशी शरीराची ओळख असते, दुसऱ्याच्या नाही. हे वाक्य दवाखान्यात बोलायला मला अजून अवघड जाते, लिहायला सोपे आहे.

धुणे दोन प्रकारचे. खाल्ल्यानंतर दर वेळी मिठाच्या पाण्याची चूळ: पेलाभर, म्हणजे साधारण २५० मिलिलिटर, उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ. यापेक्षा जास्त नको. जास्त मिठाने लवकर बरे होते हा आपला घरगुती गैरसमज आहे, जास्त मिठाने नुसती आग होते. दिवसातून दोनदा अल्कोहोल नसलेला माउथवॉश. औषधवाला क्लोरहेक्सिडीनची बाटली पुढे करील, ती वाईट नाही, पण आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे वापरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. लवंगेचे तेल, हळदीची पूड यांतले काहीही त्या भोकात घालू नका. दात घासायला नवा मऊ ब्रश घ्या आणि दांडी-बॉलवरूनही अलगद फिरवा, कारण त्यावरही दातांसारखेच कीट चढते.

एका मुलाने मला विचारले होते, "डॉक्टर, समुद्राचं पाणी खारटच ना, मग पोहताना आपोआप चूळ भरली जाते." समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्के, आपल्या रक्ताच्या जवळजवळ चौपट. शिवाय त्यात नदीतून, गटारातून, होड्यांतून आलेले काय काय असते ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. जखम भरेपर्यंत पाण्यात तोंड बुडवायचे नाही. सुट्टीला आलेल्यांना हेच सर्वांत जड जाते.

या काळात पांढरट-पिवळसर पातळ स्राव येतो. तो पू नव्हे, घाबरू नये. जीभ पांढुरकी दिसते, जबडा ठणकतो, लाळ फार सुटते. बोलणे तर बघायलाच नको. मराठीत 'ळ' आणि 'ण' म्हणायला जिभेचे टोक वर मागे वळावे लागते आणि नेमके तेच जड झालेले असते, म्हणून केळे, काळोख, डोळे हे शब्द आठवडाभर लहान बाळासारखे येतात. ज्यांना मुलाखत द्यायची आहे, नाटकात काम आहे किंवा वर्गात शिकवायचे आहे, त्यांनी तारीख बघूनच टोचावे. झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त घ्या, सूज थोडी कमी राहते. आयबुप्रोफेन चालत असेल तर सूज आणि ठणका दोन्हींना उपयोगी. ऍस्पिरिन नको, त्याने रक्त पातळ होते.

आता दांडी. चार ते आठ आठवड्यांत जखम भरते म्हणजे काय होते, तर दोन्ही तोंडांकडून कातडीचा पातळ थर आत सरकत येतो आणि भोकाला आतून अस्तर लावतो. त्याच्या आधीच, सूज उतरली की, २२ मिलिमीटरची दांडी अनाठायी लांब होते. जीभ पूर्ववत झाली, दांडी मात्र सुजलेल्या जिभेच्या मापाचीच राहिली. मोकळी राहिलेली लांबी तोंडात हिंडत राहते. माणूस नकळत ती दातांवर टकटक वाजवू लागतो, वाचताना, टीव्ही बघताना, गाडी चालवताना. खालच्या पटाशीच्या दातांमागे हिरडी आणि तिच्याखालचे हाड दोन्ही अगदी पातळ असतात. खालचा बॉल बरोबर तिथे टेकतो आणि रोज थोडी थोडी हिरडी खाली ढकलतो. दुखत नाही. म्हणूनच कुणी येत नाही.

अमेरिकेत जीभ टोचलेल्या ५२ जणांची तपासणी करून २००२ साली एक अभ्यास छापला गेला. १६ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब दांडी दोन किंवा अधिक वर्षे वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांची दातांमागची हिरडी उतरलेली होती, आणि चार किंवा अधिक वर्षे दांडी घालणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडालेले होते. दाढेचा टवका मी भरून देऊ शकते. उतरलेली हिरडी आपणहून परत चढत नाही; टाळूची कातडी काढून तिथे शिवावी लागते, आणि तेही दर वेळी जमतेच असे नाही. हे वाचून कुणी बेत रद्द केला तर मला वाईट वाटणार नाही. करणारच असाल, तर दोन ते चार आठवड्यांनी त्याच टोचणाऱ्याकडे जाऊन १६ मिलिमीटरहून आखूड, आपल्या जिभेला बेताची दांडी बसवून घ्या. स्वतः घरी बदलू नका. कच्चे भोक दांडी काढल्या-काढल्या आक्रसते आणि नवी आत जात नाही. नंतर रोज सकाळी स्वच्छ हातांनी दोन्ही बॉल घट्ट आहेत ना ते बघा. सुटलेला बॉल पोटात गेला तर सहसा आपला आपण बाहेर पडतो. श्वासनळीत गेला तर ती धावपळ वेगळी. वर्षातून एकदा दातांच्या डॉक्टरला खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू दाखवा, मुद्दाम सांगून. नाही सांगितले तर आम्हीही कधी कधी पुढूनच बघतो.

काही जणांनी मात्र या वाटेला जाऊच नये. हृदयाची झडप बदललेली, लहानपणी संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली, किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झालेला असेल, तर तोंडातले जंतू रक्तात उतरून थेट तिथे ठाण मांडू शकतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या, आटोक्यात नसलेला मधुमेह, गरोदरपण, ही उरलेली कारणे.

धोक्याची खूण कोणती? पाचव्या-सहाव्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत गेली, ताप आला, घट्ट हिरवट पू येऊ लागला, तर डॉक्टर गाठा, पण दांडी आपल्या मनाने काढू नका. भोक वरून मिटते आणि पू आत कोंडतो. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज, जीभ वर उचलल्यासारखी, गिळता येईना, लाळ गळते, श्वास जड, असे दिसले तर वाट बघायची नाही. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली वर्णन केलेला हा आजार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात श्वासाची वाट काही तासांत बंद होऊ शकते. १०८ ला फोन करा आणि बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गाठा. धार लागून थांबत नाही असे रक्त आले तरी तेच, वाटेत स्वच्छ कापडाने दाबून धरत.

एक चांगली बाजूही सांगते. नको वाटले तर दांडी काढता येते. नवे भोक काही तासांत मिटू लागते, जुने काही दिवस-आठवडे घेते, आणि मागे बहुधा एक बारीक ठिपका उरतो. तमिळनाडूत मुरुगनाचे (कार्तिकेयाचे) भक्त जिभेतून वेल, म्हणजे छोटा भाला, आरपार घालतात, त्याच दिवशी काढतात आणि जीभ मिटून जाते, ती याच गुणामुळे.

भाचीने हे सगळे ऐकले, मध्ये मध्ये मोबाइल बघत. त्या शुक्रवारी ती हणजूणला गेली खरी, पण टॉर्चने जीभ तपासून घेऊन, दुसऱ्या खेपेचे विचारून परत आली. आता तिला गोव्यात सलग चार आठवडे हवे आहेत. परवा तिचा फोन आला. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी करायचे म्हटले तर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाता येणार नाहीत, त्या खुसखुशीत काठांच्या नेवऱ्यांसाठी तर ती दर वर्षी येते. म्हणून चवथ झाल्यावर इथेच राहून घरून काम करायचे, असे तिने साहेबांना विचारूनसुद्धा ठेवले आहे.

फोन स्पीकरवर होता. माझी आई पलीकडे भाजी निवडत होती.

"चवथीनंतर म्हणजे पितृपक्षात?" आई म्हणाली. "असलं काम कुणी पितृपक्षात करतं का गो?"